दोष क्षम्य, मौन अक्षम्य

वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना ३ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झाली आणि २२ सप्टेंबरपासून ती अमलात आली. बहुतेक वस्तूंसाठी ५ व १८ टक्के असे दोनच टप्पे उरले. या निर्णयाच्या अर्थकारणाची चर्चा पुष्कळ झाली आणि ती आवश्यकही होती. परंतु त्या निर्णयाची दुसरी एक बाजू फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये एकोणीस दिवसांचा अवधी होता, आणि तेवढ्या अवधीत बिले करणारे प्रत्येक सॉफ्टवेअर नव्या दरांशी जुळवून घेणे भाग होते. तालुक्याच्या गावातील औषधविक्रेता, किराणा व्यापारी, मोटारीच्या सुट्या भागांचा दुकानदार यांच्यापैकी कित्येकांचा कारभार नामांकित कंपन्यांच्या नव्हे, तर चार-आठ माणसांच्या लहान कंपन्यांनी तयार केलेल्या सॉफ्टवेअरवर चालतो. अशा वेळी एखाद्या मालावर जुनाच दर उमटत राहिला, परत आलेल्या मालाचा हिशेब चुकीच्या दराने निघाला किंवा महिनाअखेरचा गोषवारा जुळेनासा झाला, तर दुकानदाराने काय करावे?

तो दूरध्वनी करतो. पलीकडून सांगण्यात येते की, तक्रार नोंदवून घेतली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच उत्तर मिळते. आठवड्याने दूरध्वनी उचलणारा माणूस बदललेला असतो आणि कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. पंधरा दिवसांनी दूरध्वनी उचललाच जात नाही. इकडे विवरणपत्र भरण्याची तारीख कोणासाठी थांबत नाही. उशीर झाला तर दंड दुकानदाराला, चूक झाली तर नोटीस दुकानदाराला. ज्याच्या हातून चूक झाली, त्याचे नाव त्या कागदावर कोठेच नसते.

संगणकाच्या व्यवहारात अशा दोषाला 'बग' म्हणतात. शब्द लहान आणि काहीसा विनोदी असल्यामुळे त्यामागचा त्रासही तसाच क्षुल्लक असावा, असा समज होतो. तो खरा नाही. शाळेची फी, दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी, सहकारी पतसंस्थेची खाती, गृहनिर्माण संस्थेचा हिशेब हे सारे आज कोणत्या ना कोणत्या लहान कंपनीच्या सॉफ्टवेअरवर विसंबून आहे. या कंपन्या आणि त्यांचे ग्राहक यांच्यात जो कडवटपणा साचत चालला आहे, त्याचा विचार म्हणूनच सार्वजनिक प्रश्न म्हणून करावयास हवा.

प्रथम या कंपन्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. निर्दोष सॉफ्टवेअर ही जवळजवळ अशक्य कोटीतील गोष्ट आहे. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात दोन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली, तर ते काम आणखी रखडते, ही पहिली. एक दोष दुरुस्त करताना दुसरा दोष निर्माण होण्याची शक्यता वीस ते पन्नास टक्के असते, ही दुसरी. पन्नास वर्षांनंतरही या दोन्ही निरीक्षणांचे मर्म कायम आहे. लहान कंपनीत तर सॉफ्टवेअर लिहिणारा, ते विकणारा आणि तक्रार ऐकणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. दूरध्वनी ऐकत बसावे तर दुरुस्ती मागे पडते, दुरुस्तीला बसावे तर दूरध्वनी वाजत राहतो. त्यात आपल्याकडील ग्राहक एकदा पैसे मोजतो आणि जन्मभर फुकट सेवेची अपेक्षा धरतो. वार्षिक शुल्काचा विषय निघाला की त्याचा चेहरा उतरतो. हे सारे खरे आहे, आणि ग्राहकाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु ग्राहकाची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे? ती दोषाबद्दल असतेच. पण तो चिडतो तो दोषामुळे नव्हे. आपल्याकडे गवंडी, सुतार, शिंपी यांच्याकडून ठरल्या दिवशी काम मिळत नाही, हे गृहीत धरूनच लोक वागतात. दिवाळीचे कपडे दिवाळीच्या आदल्या रात्री मिळाले, तरी आपण ते हसून घेतो. कारण शिंप्याच्या दुकानात जाऊन आपले कापड कापले आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहता येते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ती सोय नाही. काम चालू आहे, बंद आहे, की मुळात सुरूच झाले नाही, हे ग्राहकाला दिसत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मन लावून काम करणाऱ्याचे मौन आणि दुकान बंद करून निघून गेलेल्याचे मौन अगदी सारखे भासते. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

या दोन्ही प्रकारच्या मौनांची ठळक उदाहरणे अलीकडच्या काळातच घडली आहेत. इंग्लंडमधील गिल्फर्ड येथील हेलो गेम्स या लहान कंपनीने ऑगस्ट २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' नावाचा संगणकीय खेळ बाजारात आणला. विक्रीपूर्वी त्याविषयी जी वर्णने झाली होती, त्यांतील कित्येक गोष्टी प्रत्यक्ष खेळात नव्हत्या. खरेदीदार संतापले, पैसे परत मागू लागले. कंपनीने जवळजवळ तोंडच मिटून घेतले. लोकांनी ही फसवणूक मानली आणि तसे मानण्यास त्यांना जागा होती. प्रत्यक्षात कंपनी कामाला लागली होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिली मोठी सुधारणा आली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे, एकही जादा पैसा न घेता, सुधारणा येत राहिल्या. एके काळी निंदेचा विषय झालेला हा खेळ आज नेकीने केलेल्या दुरुस्तीचा दाखला म्हणून सांगितला जातो. बोलण्यापेक्षा करून दाखवावे, असा बोध यातून काहीजण काढतात. तो अर्धाच खरा आहे. ज्यांनी त्या काळात खेळ टाकून दिला, त्यांना पुढे काय होणार हे कळण्याचा मार्ग नव्हता. शिवाय हा खेळ होता. तो बंद पडल्याने कोणाचा संसार अडत नव्हता.

दुसरे उदाहरण मात्र मनाला चटका लावणारे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सेकंड साइट नावाच्या लहान कंपनीने दृष्टी गेलेल्या माणसांसाठी 'आर्गस टू' हे उपकरण तयार केले होते. डोळ्याच्या पडद्यावर साठ सूक्ष्म विद्युदग्रांचा संच शस्त्रक्रियेने बसवावयाचा आणि चष्म्यावरील कॅमेऱ्याचे संकेत त्याच्याकडे पोहोचवावयाचे, अशी ही रचना. २०११ मध्ये युरोपात आणि २०१३ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. जगभरातील साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. त्यांना पूर्ण दृष्टी आली नाही, पण प्रकाशाचे ठिपके, दाराची चौकट, रस्त्याची कड असे काही ना काही जाणवू लागले. काळोखात दशके काढलेल्या माणसाला हे काही थोडे नव्हे. २०१९ मध्ये कंपनीने या उपकरणाचे काम थांबविले आणि २०२० मध्ये बहुतेक नोकरवर्ग कमी केला. ज्यांच्या डोळ्यांत ही वस्तू बसविलेली होती, त्यांच्यापैकी अनेकांना हे कोणी सांगितलेच नाही. दुरुस्ती, सुटे भाग, सुधारित सॉफ्टवेअर सारेच थांबले. 'आयईईई स्पेक्ट्रम' या नियतकालिकाने फेब्रुवारी २०२२ मध्ये या प्रकरणाला वाचा फोडली, तेव्हा जगाला त्याचा पत्ता लागला. कंपनी डबघाईला येणे हा गुन्हा नव्हे. धंद्यात बुडणारे बुडतातच. परंतु ज्याने तुमची वस्तू आपल्या शरीरात घेतली, त्याला एक पत्र पाठविण्यास भांडवल लागत नाही.

मौनाला जोडूनच दुसरी एक प्रवृत्ती येते. ती म्हणजे ग्राहकावरच अविश्वास दाखविण्याची. 'आमच्याकडे तर हे नीट चालते' हे वाक्य प्रत्येक ग्राहकाने कधी ना कधी ऐकलेले असते. ते खोटे असते असे नाही. कित्येक दोष ठरावीक परिस्थितीतच प्रकट होतात आणि ते निर्मात्याला आपल्या टेबलावर दिसत नाहीत. पण मला दिसत नाही म्हणजे ते नाहीच, हे अनुमान घातक आहे. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या 'थेरॅक-२५' या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली. त्यांतील काहींचे प्राण गेले. हे यंत्र बनविणारी संस्था लहान नव्हती, कॅनडा सरकारच्या मालकीची होती. टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयात मार्च १९८६ मध्ये अपघात घडला, तेव्हा असे होणे शक्यच नाही, असे तिच्या तंत्रज्ञांचे म्हणणे होते. कारण त्यांना तो प्रकार पुन्हा घडवून दाखविता येत नव्हता. पुढच्याच महिन्यात त्याच रुग्णालयात दुसरा अपघात झाला. अखेर दोष शोधून काढला तो रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने आणि यंत्र चालविणाऱ्या कर्मचाऱ्याने. सरावलेला हात माहिती अतिशय झपाट्याने दुरुस्त करू लागला, की यंत्राची गफलत होत होती. तंत्रज्ञांचे हात तितके सरावलेले नव्हते, एवढाच फरक होता.

या घटनेतील बोध किराणा दुकानातील बिलालाही लागू आहे. वस्तू बनविणाऱ्यापेक्षा ती रोज वापरणाऱ्याला तिच्या काही खोडी अधिक ठाऊक असतात. म्हणून तक्रार करणारा ग्राहक हा कंपनीचा वैरी नसून तिचा बिनपगारी परीक्षक असतो. ब्रिटनमधील टपाल कचेऱ्यांच्या 'होरायझन' हिशेब-प्रणालीच्या प्रकरणात हे सूत्र विसरले गेले. हिशेबात तूट येते म्हणून आक्रंदन करणाऱ्या कित्येक टपाल चालकांना, तुमच्याखेरीज कोणाचीच तक्रार नाही, असे सांगण्यात आले आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक निरपराध माणसांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो पुसण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. प्रत्येक ग्राहकाला एकटे पाडणे हे मौनाचेच अधिक क्रूर रूप होय.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण डोनाल्ड कनुथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाचे आहे. गणिती मजकुराच्या छपाईसाठी त्यांनी 'टेक' ही प्रणाली निर्माण केली आणि तिच्यातील चूक प्रथम दाखवून देणाऱ्यास बक्षीस देण्याचे जाहीर केले. हे बक्षीस दोन डॉलर छप्पन्न सेंटपासून सुरू होऊन वाढत वाढत ३२७ डॉलर ६८ सेंटपर्यंत गेले. सापडलेल्या चुकांची यादी त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली. मात्र ते दररोज तक्रारी पाहत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने एकदा साऱ्या तक्रारी एकत्र हाती घेतात, आणि हा क्रमही त्यांनी आधीच सांगून ठेवलेला आहे. त्यांच्या दिरंगाईवर कोणी रागावत नाही. लोकांना विलंब सोसतो, अनिश्चितता सोसत नाही, याचे याहून चांगले प्रमाण सापडणे कठीण. अर्थात कनुथ यांना पोट भरण्यासाठी 'टेक' विकावे लागले नाही, हा भेद विसरता येणार नाही. परंतु चुकांची यादी प्रसिद्ध करणे आणि त्या केव्हा पाहिल्या जातील हे सांगणे, या दोन गोष्टी करण्यास प्राध्यापकच असावे लागते असे नाही.

मग लहान कंपन्या बोलत का नाहीत? चूक मान्य केली तर प्रतिस्पर्धी तिचे भांडवल करील, ही एक भीती. तारीख दिली आणि ती चुकली तर शिव्या दुप्पट बसतील, ही दुसरी. आणि तिसरे कारण अधिक मानवी आहे: ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी नाही, तो विचारणाऱ्याला टाळणे हा मनुष्यस्वभाव आहे. या तिन्ही कारणांत तथ्य आहे. तथापि त्यांतील एकही कारण ग्राहकावरील भार हलका करीत नाही. 'दोष आम्हांला कळला आहे. तो अद्याप सुटलेला नाही. तोवर अमुक रीतीने काम भागवा. पुढील सोमवारी पुन्हा कळवू' एवढ्या चार वाक्यांना तंत्रज्ञान लागत नाही. त्यांपैकी तिसरे वाक्य तर दुकानदाराच्या दृष्टीने दुरुस्तीच्या खालोखाल मोलाचे असते. कारण त्याच्या आधारे तो त्या दिवसाचे बिल हाताने का होईना, पण बरोबर करू शकतो.

प्रश्न केवळ सौजन्याचा असता, तर तो येथेच संपला असता. परंतु जेथे एका पक्षाला सर्व माहिती आणि दुसऱ्या पक्षाला सर्व जोखीम, अशी वाटणी असते, तेथे सौजन्यावर विसंबून भागत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांच्या उत्पादकांवर काही साधी बंधने घातली आहेत. सुरक्षेसंबंधीचा दोष कोठे कळवावा, तो पोचल्याची पावती केव्हा मिळेल, दुरुस्ती होईपर्यंत प्रगती कशी कळविली जाईल आणि सुरक्षेच्या सुधारणा किती काळ पुरविल्या जातील, हे त्यांनी जाहीर केले पाहिजे. युरोपीय संघाचा सायबर सुरक्षेविषयीचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला असून त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. त्यात उपकरणांबरोबर सॉफ्टवेअरचाही समावेश आहे आणि सर्वसाधारणतः किमान पाच वर्षे दोष-दुरुस्तीची जबाबदारी उत्पादकावर आहे. या कायद्यांचा रोख सुरक्षेवर आहे, बिलातील चुकीवर नाही, ही त्यांची मर्यादा होय. पण मौन हा उत्पादकाचा हक्क नव्हे, हे तत्त्व त्यांनी मान्य केले आहे.

आपल्याकडे हे तत्त्व अगदीच अपरिचित आहे असे नाही. ग्राहक चळवळीची मुळे महाराष्ट्रात खोल गेलेली आहेत. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले आणि १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने 'सेवेतील त्रुटी' या संज्ञेची जी व्याख्या केली आहे, तीत ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे याचाही स्पष्ट समावेश आहे. म्हणजे ज्ञात दोषाविषयी जाणूनबुजून मौन पाळणे ही स्वतंत्र त्रुटी ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या विक्रीकराच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअर हा 'माल' असल्याचे म्हटले आहे. 'आहे तसे घ्या' अशा थाटाच्या एकतर्फी शर्ती अन्याय्य असतील, तर त्या रद्दबातल ठरविण्याचे अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना आहेत. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही हे खरे. परंतु स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच ती घेणारा या अपवादातून वगळलेला आहे. एकट्याने दुकान चालविणाऱ्याला हे दार मोकळे आहे.

तथापि आयोगाचे दार ठोठावणे हा शेवटचा उपाय झाला. आठ हजारांच्या सॉफ्टवेअरसाठी कोणी वर्षभर तारखा घेत फिरणार नाही. म्हणून विक्रीच्या वेळीच चार गोष्टी लेखी देण्याचे बंधन असावे: तक्रारीला किती दिवसांत पोच मिळेल, ज्ञात दोषांची यादी कोठे पाहावयास मिळेल, सेवा किमान किती वर्षे चालू राहील, आणि कंपनी बंद झाली किंवा ग्राहकाने तिला सोडले, तर त्याची सर्व माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात त्याच्या हवाली कशी केली जाईल. यांतील चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ग्राहक आज मौन सोसतो, याचे खरे कारण त्याची दहा वर्षांची खाती त्याच सॉफ्टवेअरमध्ये अडकलेली असतात. ज्याला बाहेर पडण्याचा मार्ग खुला आहे, त्याला उत्तर लवकर मिळते.

अशा बंधनांनी लहान कंपन्या चिरडल्या जातील, हा आक्षेप येणार. तो गंभीरपणे घेतला पाहिजे. कारण या कंपन्या नाहीशा झाल्या तर ग्राहक दोन-तीन बड्या कंपन्यांच्या हाती सापडेल, आणि बड्यांच्या दारी लहान दुकानदाराला कोण विचारतो? परंतु वरील चार गोष्टींपैकी एकीतही, दोष अमुक दिवसांत सुटलाच पाहिजे, असे म्हटलेले नाही. मागणी दुरुस्तीच्या वेगाची नाही, खऱ्या माहितीची आहे. किंबहुना मोकळेपणाने बोलणे ही लहान कंपनीची जमेची बाजू ठरू शकते. मोठ्या कंपनीत ग्राहकाला ध्वनिमुद्रित आवाज भेटतो. येथे प्रत्यक्ष सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस भेटू शकतो. ही एकमेव श्रीमंती लहान कंपन्या आपल्या हाताने दवडीत आहेत.

ग्राहकांनाही काही शिकावे लागेल. 'चालत नाही' ही तक्रार नव्हे. काय केले, काय व्हावयास हवे होते आणि काय झाले, हे सांगता आले पाहिजे. सेवा हवी असेल तर तिचे वार्षिक मोल देण्याची तयारी हवी, आणि दूरध्वनीवरील वीस-बावीस वर्षांच्या मुलावर तोंडसुख घेतल्याने सॉफ्टवेअर सुधारत नाही, एवढी जाणीव हवी. गाव आणि पेठ यांच्या जुन्या व्यवहारात उधारी चाले ती शब्दावर. थकबाकीदार दारावरून तोंड चुकवून जाऊ लागला, की सावकार अस्वस्थ होई. येऊन 'या महिन्यात जमत नाही' असे सांगणाऱ्याला मुदत मिळे. संगणक आला म्हणून हा व्यवहार बदललेला नाही. विवरणपत्राच्या आदल्या रात्री पडद्यावरच्या न जुळणाऱ्या आकड्यांसमोर बसलेल्या दुकानदाराला चमत्कार नको आहे. आपली तक्रार कोणीतरी वाचली आहे आणि उद्या काय करावयाचे ते त्याला ठाऊक आहे, एवढे त्या रात्री कळले तरी त्याला पुरेसे आहे.